वीटभट्टीचा पिक्चर

वरवंडच्या सरूबाईंना पिक्चरचं नाव कधी लक्षात राहायचं नाही, नट-नट्यांची नावं तर त्याहून नाही. पण एकदा पाहिलेला पिक्चर त्या विसरल्या, असं मात्र कधी झालं नाही. प्रत्येकाला त्यांनी आपलं घरगुती नाव ठेवलं होतं. विहिरीचा पिक्चर, आंधळ्या भावाचा पिक्चर, दोन सुनांचा पिक्चर, लंगड्या घोड्याचा पिक्चर. आळीत कुणाच्या घरात कुरबूर सुरू झाली, कुणाची सून रुसून माहेरी जाऊन बसली, की सरूबाई ओट्यावर ऐसपैस मांडी घालायच्या आणि म्हणायच्या, "अगं, त्या दोन सुनांच्या पिक्चरमदी न्हाई का..."

आणि मग पिक्चर सुरू व्हायचा.

शेजारच्या रंगुबाईनं जावेशी कडाक्याचं भांडून चूल वेगळी मांडायचं ठरवलं, तेव्हा सरूबाईंनी तिला दोन सुनांचा पिक्चर अख्खा ऐकवला होता. त्यातली थोरली सून म्हणते, रागाच्या भरात वाटणी मागू नये, राग उतरल्यावर मागावी. रंगुबाई ऐकून गुमान घरी गेली. पुढं तिनं चूल वेगळी मांडलीच, पण जावेला जेवायला बोलावून, तिच्या पानात स्वतःच्या हातानं पुरणपोळी वाढून. आज त्या दोघी एकमेकींकडे विरजण मागतात.

गावातली तरणी पोरं चेष्टा करायची. "सरूआज्जी, तुमचं पिक्चर आमाला कसं कुठं बघायला मिळत न्हाई?"

"तुमच्या टायमाला चांगलं निघंनात, त्याला मी काय करू?" सरूबाई म्हणायच्या.

खरी गोष्ट अशी, की ह्यातला एकही पिक्चर सरूबाईंनी स्वतःच्या कानानं ऐकलेला नव्हता.

न्हावऱ्याजवळच्या वस्तीवरनं त्या लग्न होऊन वरवंडला आल्या, तेव्हा त्या नुसत्या सरू होत्या. सासर मोठं. सासरे, म्हणजे आप्पा, गावात शब्दाला वजन असलेले. नवरा मच्छिंद्र पाटसच्या साखर कारखान्यात कामाला. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की हायवेच्या कडेला मोकळ्या रानात सिनेमाचा तंबू लागायचा. मधोमध पडदा. एका अंगाला बापे, दुसऱ्या अंगाला बाया. मशीन बाप्यांच्या बाजूला, त्यामुळं बायकांना सगळं उलटं दिसायचं. अक्षरं उलटी, हिरो डावखुरा, नवरी नवऱ्याच्या भलत्याच बाजूला. कुणाचं काही अडायचं नाही.

सरूचं अडायचं ते भाषेपाशी. तिला हिंदीचा एक शब्द कळायचा नाही. पहिल्यांदा ती तंबूत गेली, तेव्हा सगळ्या बाया हसल्या की ती हसायची आणि सगळ्या रडल्या की पदर डोळ्याला लावायची. तिच्या शेजारी अकिला बसली होती. अकिला म्हणजे परसातल्या भिंतीपलीकडची शेजारीण; सरू तिला भाभी म्हणायची. तिचा नवरा अयुब उसाचा ट्रक चालवायचा, ती घरात ब्लाऊज शिवायची. दौंडला रेल्वेच्या चाळीशेजारी वाढलेली, त्यामुळं मराठी, हिंदी, उर्दू, सगळंच तिच्या जिभेवर. तिनं सरूचं ते उसनं रडणं थोडा वेळ बघितलं आणि कानाशी तोंड नेऊन विचारलं, "अगं, कशापायी रडतीस, ठाव हाय का?"

"न्हाई," सरू म्हणाली.

"मग ऐक." आणि अकिलानं सांगायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून ते ठरूनच गेलं. दोघी एकाच पोत्यावर बसायच्या. अकिलाच्या दाढेखाली लवंग असायची. तिचा वास आणि पिक्चरची गोष्ट, दोन्ही सरूच्या कानात बरोबरच शिरायचं. अकिला नुसतं सांगायची नाही. पाटील बोलला की तिचा आवाज घोगरा व्हायचा, म्हातारी बोलली की थरथरायचा. हळूहळू आजूबाजूच्या बायाही सरकत सरकत जवळ यायच्या. पडद्याकडं डोळे आणि अकिलाकडं कान.

अशी वर्षं गेली. सरूला मुलगी झाली. तिचं नाव सुलक्षणा. पोरगी अभ्यासाला चलाख. ती अकिलाचाचीच्या दारात बसून पाढे म्हणायची आणि अकिला मशीन चालवता चालवता तिच्या चुका काढायची. सुलक्षणा दहावीला गेली त्या थंडीत आप्पांनी तिच्यासाठी स्थळ आणलं. शिरूरकडचं, बागायतदार, एकुलता एक मुलगा. पाहुणे येऊन पोरगी बघून गेले. सुपारी फोडायचं तेवढं राहिलं. परीक्षेचं काय, असं विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

सरू परसात भांडी घासताना रडायची. भिंतीपलीकडचं अकिलाचं मशीन मध्येच थांबायचं, परत सुरू व्हायचं. एक दिवस अकिला भिंतीवरनं म्हणाली, "चल, आज पिक्चरला जाऊ. घरात बसून डोळं सुजवून घेऊ नगंस."

तो वीटभट्टीचा पिक्चर.

एक विधवा बाई. पांढरं लुगडं, डोक्यावर विटा. तिला एकच पोरगी, शाळेत हुशार. दीर पोरीसाठी स्थळ घेऊन येतो. आई हातात कंदील घेऊन दारात उभी राहते आणि दिराकडं बघून बोलते. हे आपलंच घर कुणी पडद्यावर नेऊन ठेवलं, असं सरूला वाटत होतं. "काय म्हणती? भाभी, काय म्हणती ती?"

अकिलानं दाढेखालची लवंग चावली. मग कानाशी आली. "ती म्हणती, भावजी, विटा मी वाहीन, माती मी वाहीन. पण माझी पोर शाळंतनं काढायची न्हाई. ती सोत्ताच्या पायावर हुभी राह्यल्याबिगर ह्या दारातनं वरात निघायची न्हाई."

पुढं लगेच पडद्यावर लग्न लागलं. सरू गोंधळली. अकिला म्हणाली, "हे लई वर्षांनंतरचं हाय. पोरगी शिकून मास्तरीण झाली. आता लगीन." शेवटी ती आई पोरीच्या मांडीवर डोकं ठेवून निजली आणि वाजंत्री लई दुःखी वाजली. "थकली गं बिचारी," अकिला म्हणाली. "जरा झोपली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा ओसरीवर चहा घेत होते. सुपारीसाठी कुणाकुणाला बोलवायचं, ह्याचं बोलणं चाललं होतं. सरू चुलीपुढनं उठली आणि ओसरीच्या खांबाशी येऊन उभी राहिली. सासऱ्यांपुढं तिनं तोवर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. आवाज तर दूरच.

"आप्पा," ती म्हणाली, "शेण मी काढीन, रानात मी राबीन. पण माझी पोर शाळंतनं काढायची न्हाई. ती सोत्ताच्या पायावर हुभी राह्यल्याबिगर ह्या दारातनं वरात निघायची न्हाई."

आप्पांच्या हातातली बशी तोंडापर्यंत गेली होती, ती तिथंच थांबली. सासूनं तोंडाला पदर लावला. सरूचे पाय लटलट कापत होते. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला मच्छिंद्र उठला. बापासमोर त्यानं आयुष्यात 'व्हय' सोडून दुसरा शब्द काढला नव्हता.

"पाहुण्यांना निरोप मी देतो, आप्पा," तो म्हणाला. "शिकू द्या पोरीला."

आप्पा शिमग्यापर्यंत दोघांशी बोलले नाहीत. पण सुलक्षणा दहावीला पहिल्या वर्गात पास झाली, तेव्हा एसटी स्टँडवर उभं राहून पेढे वाटणारेही तेच होते. सुलक्षणा पुढं दौंडला शिकली, मग पुण्याला नर्सिंगला गेली. आता शिरूरला एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. नवरा रांजणगावच्या कंपनीत. मुलगी प्रगती कॉलेजात. आणि सरूबाई, जिथं जातील तिथं, वीटभट्टीचा पिक्चर सांगत राहिल्या. आळीतल्या किती पोरींची शाळा त्या पिक्चरनं वाचवली असेल, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. कुणी पोरीला घरी बसवणार असं कानावर आलं, की सरूबाई त्या घरी जायच्याच. "मी न्हाई म्हणत," त्या सुरुवात करायच्या. "पिक्चरमदली ती बाई म्हणती..."

तंबू यायचा बंद झाला. घरोघर टीव्ही आला. अयुब गेला. अकिलाच्या मुलानं, सोहेबनं, पाटसला हायवेवर गॅरेज टाकलं, तेव्हा अकिला त्याच्याकडं राहायला गेली. सरूबाईंचे गुडघे दुखायला लागले, तशी सुलक्षणा त्यांना अधूनमधून शिरूरला घेऊन जायला लागली. तिथं वरच्या मजल्यावर उत्तर प्रदेशातली सुषमा राहायची. तिचाही नवरा रांजणगावलाच. सुषमाला मराठी येत नव्हतं, सरूबाईंना हिंदी येत नव्हतं, आणि दोघींनाही गप्प बसवत नव्हतं. लसूण सोलता सोलता, शेवया वाळवता वाळवता दोघींनी एकमेकींची भाषा उचलली. शिवाय दुपारच्या मालिका होत्याच. सरूबाई "हम आज बाजार को जाके आया" असं बेधडक बोलायच्या. बोलणं कसंही असो, ऐकलेलं मात्र त्यांना सगळं कळायला लागलं.

एकदा पावसाळ्यातल्या दुपारी प्रगती म्हणाली, "आजी, तुझा तो वीटभट्टीचा पिक्चर मी शोधू का? सगळं मिळतं आता मोबाईलवर."

"नाव ठाव न्हाई की गं."

"तू सांग फक्त. काय काय होतं त्यात?"

सरूबाईंनी सांगितलं. विटा, कंदील, पांढरं लुगडं, आईच्या कपाळावरचा व्रण. प्रगतीनं बरेच दिवस काय काय लिहून शोधलं, बरेच भलते पिक्चर आजीला दाखवले. "ही न्हवं," सरूबाई म्हणायच्या. आणि एक दिवस टीव्हीच्या पडद्यावर भट्टीचा धूर दिसला, विटांच्या ओळी दिसल्या, आणि सरूबाई सोफ्यावरनं उठून उभ्याच राहिल्या. "हीच! हीच ती माऊली!"

माहेरचं माणूस अवचित दारात यावं तसा त्यांना आनंद झाला. आई उजव्या खांद्याऐवजी डाव्या खांद्यावर पदर घेत होती, भट्टी भलत्याच बाजूला होती, तरीही सगळं ओळखीचं होतं. त्यांनी सुषमाला वरनं हाक मारून बोलावलं. "देखो, ये आई लय भारी बोलती है. अब बोलेगी."

कंदील आला. दीर आला. आई दारात उभी राहिली आणि तिनं मान खाली घातली.

"देवरजी," ती म्हणाली, "आप जो ठीक समझें. मेरी बेटी को अच्छे घर भेज दीजिए. मैं और कुछ नहीं माँगती."

"मागं घे," सरूबाई म्हणाल्या.

प्रगतीनं मागं घेतलं. आई परत तेच म्हणाली. सरूबाईंनी परत मागं घ्यायला लावलं. त्यांना वाटलं, कानात दडा बसला असेल. पण शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. लगेच पुढं लग्न लागलं. वर्षं मध्ये गेलीच नव्हती. पोरीचं पाटी-दप्तर आईनं पेटीत घालून कुलूप लावलं आणि पोरगी रडत डोलीत बसली. पुढं ती सासरी फार सोसते आणि शेवटी विधवा होऊन परत येते. आई तिच्या मांडीवर डोकं ठेवते. ती झोपत नाही, ती मरते.

सुषमानं डोळे पुसले. प्रगती म्हणाली, "कसला रडका पिक्चर आहे गं, आजी. आणि ती आई तर काहीच बोलत नाही कुठं."

"व्हय," सरूबाई म्हणाल्या. "न्हाई बोलत."

त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. सुलक्षणानं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. "काय होतंय, आई?" तिनं विचारलं. "काही न्हाई," त्या म्हणाल्या. पण आत फार काही होत होतं. आधी राग आला. भाभीनं आपल्याला खुळ्यात काढलं. इतकी वर्षं आपण उभ्या गावाला सांगत फिरलो, पिक्चरमदली बाई म्हणती, पिक्चरमदली बाई म्हणती, आणि ती बाई तर मान खाली घालून उभी. मग रागापाठोपाठ भीती आली. दोन सुना? लंगडा घोडा? त्यातलंही काय खरं आणि काय नाही? आणि सगळ्यात शेवटी ते आलं, ज्यानं त्यांना खरं दुखलं. आप्पांपुढं उभं राहायचं बळ त्यांनी त्या बाईकडनं घेतलं होतं. ती बाई जर तशी नव्हतीच, तर मग ते बळ तरी कुणाचं होतं?

दुसऱ्या दिवशी "गावाकडं जाऊन येते" म्हणून त्यांनी पिशवी भरली. न्हावऱ्यावरनं चौफुल्याला एसटीनं आल्या, तिथनं सोलापूरकडच्या गाडीत बसल्या. वरवंड आलं, कंडक्टरनं आवाज दिला, पण त्या उतरल्या नाहीत. पाटसला उतरल्या आणि सोहेबच्या गॅरेजमागच्या घरात शिरल्या.

अकिला दारातल्या उजेडात परकर दुमडून टीप घालत बसली होती. आता मशीन चालवत नसे, हातानं शिवायची. "ये गं बाई! बुशरा, च्या टाक, सरू आली," तिनं सुनेला आत हाक मारली.

सरूबाई बसल्याही नाहीत. "भाभी, त्या वीटभट्टीच्या बाईनं काय म्हणलं व्हतं?"

अकिलाची सुई थांबली. कुठली बाई, असं तिनं विचारलं नाही. "कुठं बघितलास?"

"शिरूरला. नातीनं काढून दिला."

"मग तुला आता हिंदी येती."

"येती."

"मला वाटलंच व्हतं, कवातरी येईल," अकिला म्हणाली आणि तिनं परकर बाजूला ठेवला. "बस खाली. हुभ्यानं भांडू नगंस, गुडघं दुखतील."

सरूबाई बसल्या. बाहेर गॅरेजमध्ये कुणीतरी ट्रकच्या चाकावर हातोडा मारत होतं.

"का केलंस?" सरूबाईंनी विचारलं.

"तू रडत व्हतीस म्हणून," अकिला म्हणाली. मग मान हलवली. "न्हाई, तेवढंच न्हाई. दौंडला मी सातवीत व्हते तवा माझी आई वारली. लहानगी भावंडं व्हती. अब्बांनी माझं दप्तर खुंटीला टांगलं. त्यांचाबी काय दोष न्हाई गं, त्यांना दुसरं सुचलं नसंल. ते सोत्ता रडत व्हते. पण मी आपली दाराकडं बघत बसायची. कुणीतरी येईल, दारात हुभं राहील आन् म्हणंल, ही पोर शाळंतनं काढायची न्हाई. मामा येईल, बाई येतील, कुणी बी येईल. कुणी आलं न्हाई. ते वाक्य माझ्या तोंडात तसंच राह्यलं. मग त्या दिवशी तंबूत ती बाई कंदील घेऊन दारात हुभी राह्यली. मला वाटलं, आता म्हणंल. ती न्हाईच म्हणली. तू आपली इचारतीयस, भाभी, काय म्हणती, काय म्हणती. मग मीच म्हणले."

बुशरानं चहा आणून ठेवला. तो कुणी उचलला नाही.

"म्हंजी आप्पांच्या म्होरं मी उसनंच बोलले," सरूबाई म्हणाल्या.

"उसनं कुणाचं? तिचं तर नव्हतंच. माझं म्हणशील, तर मी तुझ्या कानात बोलले, हळूच. ओसरीवर हुभं राहून मोठ्यानं कोण बोललं? मी आले व्हते का?" अकिला जरा चिडूनच म्हणाली. "माझ्या अब्बांपुढं माझ्याच्यानं तोंड उघडलं न्हाई. तू उघडलंस. त्यात माझं काय हाय?"

सरूबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी मान वर केली. "आन् तो आंधळा भाऊ? तो मुंबईला इलाजाला गेला व्हता ना?"

अकिला दुसरीकडं बघायला लागली.

"भाभी!"

"मेला गं तो. इंटरवलच्या आधीच मेला. तू तवा पोटुशी व्हतीस. तुला कसं सांगणार?"

"आन् मग नंतर दिसायचा तो कोण?"

"तो डबल रोल व्हता."

"आन् दोन सुना?"

"इख घालती एक दुसरीला."

"अगं बया!" सरूबाईंनी तोंडावर हात मारला. "आन् मी रंगुबाईला..." पुढचं त्यांना बोलता आलं नाही. हसू इतकं आलं, की गुडघा धरून त्या भिंतीला टेकल्या. अकिलाही हसायला लागली. बुशरा आतून पळत आली, तिला वाटलं दोघींना ठसका लागला.

जायची वेळ झाली तेव्हा अकिला दारापर्यंत आली. "एक सांगायचं राह्यलं," ती म्हणाली. "तुझ्या मालकांना ठाव हाय हे. तवापासनं."

"यांना?"

"ते त्या दिवशी तंबूत बाप्यांच्या बाजूला व्हते. त्याच राती तू त्यांना त्या बाईचं बोलणं सांगितलं व्हतंस. ओसरीवरचं झाल्यावर माझ्या दारात आले. म्हणले, भाभी, पिक्चर मीबी बघितला. मला वाटलं, आता भांडणार. मग म्हणले, तिला कवा सांगू नका. आन् सुलक्षणाच्या शाळंच्या ड्रेसचं कापड ठिवून गेले."

वरवंडला पोचल्या तेव्हा मच्छिंद्र गोठ्यात कडबा टाकत होते. आता म्हातारे झाले होते, पण बोलणं अजून तेवढंच कमी. सरूबाई गव्हाणीच्या कडेला बसल्या आणि त्यांनी सरळ विचारलं. "अहो, वीटभट्टीची बाई तसं बोलली नव्हती, हे तुमाला ठाव व्हतं?"

"व्हतं की. कारखान्यात निम्मं लोक हिंदीच बोलायचं."

"मग तवाच का म्हणला न्हाई?"

मच्छिंद्रनी कडब्याची पेंढी खाली ठेवली. "काय म्हणायचं? तुझं पाय कापत व्हतं, ते मला दिसत व्हतं. तवा मधीच हुभं राहून म्हणू का, की पिक्चरमदी असं न्हाई?" ते थांबले. गाईच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आन् खरं सांगू का? आप्पांना हेच सांगायचं म्हणून मी पंधरा दिस मनात घोकत व्हतो. सकाळी ठरवायचो, सांजच्याला राहून जायचं. तू बोललीस, मग माझं तोंड उघडलं."

इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी एवढं लांब बोललेलं सरूबाईंनी ऐकलं नव्हतं. त्या उठल्या, घरात गेल्या आणि त्यांनी चुलीवर बाजरीच्या भाकरी टाकल्या. मच्छिंद्रना गॅसवरची भाकरी आवडत नसे.

पिक्चर सांगायचं त्यांनी काही सोडलं नाही. चार-आठ दिवस अडखळल्या. आळीतल्या एका घरात पोरीचं कॉलेज बंद करायचं चाललंय, असं कळलं, तेव्हा तिथं जाऊ का नको, असं झालं. मग गेल्या. दारात बसून त्यांनी वीटभट्टीचा पिक्चर सांगितला, पण शेवटी खरं तेही सांगितलं. पिक्चरमधली आई गप्प बसली, तिच्या पोरीचं काय झालं ते. आणि ओसरीवर काय झालं ते. पोरीची आई बराच वेळ ऐकत राहिली. "मग सुलक्षणाताई तवा किती शिकल्या व्हत्या?" तिनं विचारलं. "दहावीला बसली व्हती," सरूबाई म्हणाल्या. ती पोरगी आजही दौंडच्या गाडीनं कॉलेजला जाते.

सुलक्षणाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. ऐकून सुलक्षणा एवढंच म्हणाली, "चाची सध्या कुठल्या गोळ्या घेतात?"

"मला काय ठाव?"

पुढच्याच रविवारी सुलक्षणा प्रगतीला घेऊन गाडीवरनं पाटसला आली. सरूबाई आधीच येऊन बसल्या होत्या. सुलक्षणा अकिलाच्या पाया पडली आणि तिथंच खाटेवर तिच्याशेजारी बसून राहिली. दोघी एकमेकींकडं बघेनात. अकिला तिच्या हातावरनं हात फिरवत होती, फिरवतच होती. मग सुलक्षणानं नाक पुसलं, पिशवीतनं बीपीचं मशीन काढलं आणि अकिलाच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"चाची, हे काय आहे?" आकडा बघून ती कडाडली. "गोळी कधी घेतली होती शेवटची?"

"घेती की. आठवण आली की घेती."

"आठवण आली की? बुशरा, लोणचं कुठं ठेवलंय? ते आधी उचल. पापड पण. आणि ही गोळी रोज सकाळी, नाश्त्यानंतर, तुझ्यासमोर घ्यायला लावायची. मी रोज फोन करून विचारणार आहे. पुढच्या महिन्यात मी येऊन शिरूरला घेऊन जाते, डोळे पण तपासायचेत." ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि फळीवरच्या बरण्या खाली घ्यायला लागली. लोणच्याची, मिरच्यांची, सोहेबनं कालच आणलेली शेवेची.

अकिला खाटेवरनं ते सगळं बघत होती. तिनं सरूबाईंकडं वळून हळू आवाजात विचारलं, "सरू, हिला एवढं शिकवायची काय गरज व्हती गं?"

"मला काय इचारतीस?" सरूबाई म्हणाल्या आणि प्रगतीनं आणलेल्या पेरूंची पिशवी त्यांनी मध्ये ओढली.